पुढचं वाक्य

“काय गं, पिक्चर बघताना पुढचा डायलॉग तू नेहमीच असा आधी बोलून टाकतेस?”

मामांनी हे विचारलं तेव्हा टीव्ही नुकताच बंद झाला होता आणि भाची अजून नायिकेसारखी मान वेळावत होती.

“सगळे पाठ आहेत मला. का, त्रास होतो?”

“मला नाही होत. पण एकटी असताना नको बोलत जाऊस. आणि दुसरं कुणी आधी बोललं, तर त्याला उत्तर मुळीच देऊ नकोस.”

“झालं, मामांची गाडी सुटली!” धाकटा भाचा म्हणाला. पण उशी पोटाशी धरून तोच आधी पुढे सरकला.

“हसा. असं उत्तर देणारा एक माणूस माझ्याबरोबर दुकानात होता. अजून आहे,” मामा म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि सांगायला लागले.

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला होतो, तेव्हाची गोष्ट. फार जुनी नाही. धाकटे राव, तुम्ही शाळेत जायला लागला होतात. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायला एक जण होता. त्याला आम्ही भिंग म्हणायचो. दिवसभर मशीनवर वाकलेला. पाण्याची बारीक धार, काचेचा पांढरा गाळ, आणि वर मालकाच्या तोंडाचा पट्टा. “काच फ्रेममध्ये बसत नाही म्हणतोस, तुझं डोकं तरी बसलंय का ठिकाणावर?” हे असं, गिऱ्हाइकांच्या देखत. भिंग उलटून बोलायचा नाही. संध्याकाळी घरी जायचं, हातपाय धुवायचे आणि जुना कृष्णधवल पिक्चर लावून बसायचं, एवढंच त्याचं सुख. एकेक पिक्चर इतक्यांदा बघितलेला, की पडद्यावरच्या माणसाला ठसका लागला असता तर उरलेलं वाक्य यानं पूर्ण केलं असतं.

वहिनी वैतागायच्या. म्हणजे त्याची बायको. “दिवसभर काच, घरी आलं की पुन्हा काच! मीही एखादी काच बांधून घेते तोंडाला, म्हणजे बघाल तरी माझ्याकडे.” असं म्हणायच्या, आणि ताट त्याच्या हातात देऊन शेजारीच बसायच्या. त्याला वहिनींशिवाय कुणी नव्हतं. वहिनींनाही त्याच्याशिवाय नव्हतं.

त्यांनी नुकतंच घर बदललं होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीची एक भिंत शेजारच्या घराला लागून. सामान लावण्याच्या गडबडीत टीव्ही खोक्यातच पडून होता. गुरुवारी दुकान बंद झाल्यावर भिंग टीव्हीची वायर आणायला गेला. दुकानदाराशी थोडी घासाघीस केली, वायर घेतली, वाटेत ब्रेड घेतला, घरी आला. टीव्ही त्या भिंतीलाच लावला. जुन्या पिक्चरांचं चॅनल लावतो तर काय, त्याचा सगळ्यात आवडता पिक्चर संपत आलेला. शेवटचा प्रसंग. नायिका आजारी, पलंगावर पडलेली. नायक पायऱ्या चढून धावत येतो.

आणि भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं, “थंडी वाजतेय हो.”

पुरुषाचा आवाज. कोरडा.

मग पडद्यावरची नायिका म्हणाली, “थंडी वाजतेय हो.”

भिंग तर खूशच झाला! शेजारी आपल्यासारखाच वेडा निघाला. त्याला राहवलं नाही. नायकाचं वाक्य त्यानं मोठ्यानं ठोकून दिलं, “थांब, मी खिडकी बंद करतो.”

मग भिंतीला तोंड लावल्यासारखं, अगदी जवळून...

“चुकलास.”

पडद्यावरचा नायक म्हणाला, “थांब, मी खिडकी लावतो.”

“राहू द्या उघडी,” भिंतीपलीकडचा म्हणाला. “आता मला थंडी वाजत नाही.”

नायिका तेच म्हणाली आणि मेली. पिक्चर संपला.

वहिनी आतून आल्या. “कुणाशी बोलत होतात?”

“शेजाऱ्याशी. पिक्चरवेडा आहे. जरा तिरसट वाटतो.”

“बरा भेटला. टीव्ही त्याच्याकडेच नेऊन ठेवा, आणि तुम्हीही तिकडेच राहा.”

शुक्रवारी विनोदी पिक्चर होता. पण त्यातल्या हशाच्या वाक्यांनाही पलीकडचा आवाज तसाच, कोरडा. नायकाची वाक्यं मात्र तो बोलेना. ती आली की थांबायचा आणि म्हणायचा, “तुझं.” भिंगनं आधी हौसेनं दोन-चार वाक्यं म्हटली. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की, “चुकलास.” पुन्हा, “चुकलास.” मग, “मूर्खा.” गप्प बसलं, तर भिंतीवर नख ओढल्याचा आवाज. भिंगला वाटलं, मालक काय इथंही आला? दिवसभर ऐकायचं ते ऐकायचं, आता स्वतःच्या घरातही? त्यानं टीव्ही बंद केला आणि ओरडला, “बास झालं! खेळ संपला.”

पलीकडचा म्हणाला, “भाजीत मीठ कमी पडलंय का हो?”

असलं वाक्य पिक्चरमध्ये नव्हतं. टीव्ही तर बंद होता. भिंग बघतच राहिला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हात पुसत वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “भाजीत मीठ कमी पडलंय का हो?”

हातातला घास त्यानं ताटात परत ठेवला. तो वहिनींकडे बघायचा, मग भिंतीकडे.

“असं काय बघताय? मिठाचं विचारलं, माहेर नाही मागितलं,” वहिनी म्हणाल्या.

शनिवारी सकाळी त्यानं घरमालकीणबाईंना गाठलं. शेजारी कोण राहतं म्हणून विचारलं.

“तिथं? कुणी नाही. कुलूप आहे. थिएटरात बॅटरी घेऊन खुर्च्या दाखवणारा एक म्हातारा असायचा. जन्म सगळा अंधारात उभं राहून गेला. कुणी जरा कुजबुजलं की बॅटरी थेट डोळ्यांवर मारायचा. माणसांशी त्याचं जमायचंच नाही बाई. वारला तो. आत काही ठेवलेलं नाही, घर रिकामं आहे.”

भिंगनं घरी येऊन टीव्ही पुन्हा खोक्यात घातला. सोमवारी दुसरी जागा बघायची ठरवलं. वहिनींना काही सांगितलं नाही, उगाच घाबरतील म्हणून. मधे फक्त रविवार होता.

आणि रविवारी संध्याकाळी वहिनींना ताप भरला. डॉक्टरांनी बघितलं, साधाच ताप आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. त्या आतल्या खोलीत झोपल्या. भिंग बाहेर बसून राहिला. चांगली चांदणी रात्र होती. पावणेअकरा वाजले होते. त्याला नेमकं आठवतं, कारण अकराला गोळी द्यायची होती आणि तो घड्याळाकडेच बघत होता.

भिंतीपलीकडे पावलं वाजली. कुणीतरी पायऱ्या चढून धावत यावं, तशी.

पलीकडे पायऱ्या नव्हत्या.

“थंडी वाजतेय हो.”

भिंग हलला नाही. टीव्ही खोक्यात होता...

आतून वहिनी म्हणाल्या, “थंडी वाजतेय हो.”

त्याला सगळं एकदम कळलं. हा प्रसंग कुठला, ते कळलं. पुढची वाक्यं कळली. शेवटचं वाक्य कुणाचं, तेही कळलं.

“तुझं,” पलीकडचा म्हणाला.

तो बोलला नाही. उठून आत धावला. वहिनींचे डोळे मिटलेले. मघाशी हात भाजत होता, आता बर्फ. “अगं ऊठ. ऊठ ना. आपण बाहेर जाऊ.” त्यानं त्यांना उचलायला बघितलं. मान कलंडली.

“तुझं.”

आवाज आता आतल्या खोलीत होता. त्या खोलीला शेजारची भिंत नव्हती.

तो वहिनींचे तळवे चोळायला लागला.

“तुझं!”

त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले...

मग आवाज हळू झाला. मऊ झाला.

“राहू दे. मीच म्हणतो. थांब, मी खिडकी लावतो.”

आता एकच वाक्य उरलं होतं.

भिंगनं वहिनींच्या तोंडावर हात दाबला. घट्ट. तळव्याखाली ओठ थंडगार होते. निपचित होते.

मग ते हलायला लागले.

त्याच्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला. वाक्य बोलायच्या आधी घेतात, तसा.

“राहू द्या उघडी.”

हे भिंग बोलला. पलीकडच्याच्या आधी. वहिनींच्या आधी.

“आता मला थंडी वाजत नाही.”

एक अक्षर चुकलं नाही.

...

घड्याळसुद्धा ऐकू येईना.

मग अगदी कानात, “बरोबर.”

एवढंच.

हे सगळं त्यानं मला नंतर लिहून दाखवलं. लिहूनच दाखवावं लागलं. त्याचा आवाज गेला तो गेलाच; वहिनींचं शेवटचं वाक्य यानं बोललं, तेच याचं शेवटचं ठरलं. घसा बसला म्हणावं, तर तसंही नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनी तपासलं, घशात काही दोष सापडला नाही. आता त्या दुकानातली नवी गिऱ्हाइकं समजतात, हा जन्मापासूनच मुका आहे. मालक तेवढा अजून बोलतो त्याला.

सोमवारी सकाळी वहिनी जाग्या झाल्या. ताप उतरला होता. त्यांनी चहा मागितला. भिंगनं तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि आवाजच फुटला नाही, तेव्हा घाबरून त्यांनी मला फोन केला. मी गेलो. घरमालकीणबाईंना बोलावून शेजारचं कुलूप उघडायला लावलं. आत एक काडीसुद्धा नव्हती. फरशीवर धूळ, आणि धुळीवर एकही पाऊल नाही. फक्त मधल्या भिंतीवर, माणूस बसला तर त्याचं तोंड येईल एवढ्या उंचीवर, तळहाताएवढा गिलावा ओला झाला होता. त्या भिंतीत पाण्याची नळी नाही, असं घरमालकीणबाई दोनदा म्हणाल्या. मी बोट लावून बघितलं. ती ओल कोमट होती.