सोळा वेळा सुटला

दुपारी दोन वाजून एकोणीस मिनिटांनी वाकणघाटातल्या वरच्या तारेतला वीजपुरवठा बंद पडला. माथेखडीच्या नियंत्रण कक्षात त्याचा एक पिवळा दिवा लागला, एवढंच. गाडी तेव्हा घाटाच्या चौथ्या किलोमीटरवर होती. सोळा डबे, आठशे बारा प्रवासी, वेग ताशी तीस.

"घाबरण्यासारखं काही नाही," विभाग नियंत्रक मोघे म्हणाले. "उतारावर वीज ब्रेकसाठी लागते. वीज गेली, हवेचे ब्रेक आहेत."

ते चुकीचं बोलत नव्हते. एरवी घाट उतरताना इंजिनाच्या मोटारी उलट्या कामाला लागत, वीज तयार करून तारेत परत सोडत आणि त्या भाराने गाडी आवरली जाई. तार मेली की ही सोय संपली. मग प्रत्येक डब्याखाली दाबाच्या हवेने चकतीवर आवळले जाणारे पॅड, हाच ब्रेक. नव्या मार्गावर गेल्या अडीच महिन्यांत तो घाटात कधी पुरता वापरावाच लागला नव्हता.

डॉ. शाल्मली वर्तक पडद्यासमोर बसली होती. या मार्गावरच्या गाड्यांचे ब्रेक सांभाळणारी 'ब्रेकपाल' ही यंत्रणा तिने बांधली होती. प्रत्येक डब्याखाली एक धूमवाचक होता. त्यातून एक बारीक प्रकाशकिरण सतत जाई आणि धुराने तो किती मंदावला हे मोजलं जाई. पडद्यावर सोळा हिरवे चौकोन होते. बघता बघता तिसरा करडा झाला. मग नववा.

"ब्रेकपालने दोन डबे सोडवले," ती म्हणाली.

"सोडवले म्हणजे?" खोलीतल्या चौथ्या खुर्चीवरून प्रश्न आला.

तिथे अनंत खरवते बसले होते. जुन्या घाटमार्गावर एकतीस वर्षं गाडी-तपासनीस. निवृत्तीनंतर त्यांच्या पाहणीचौकीतल्या एकेचाळीस नोंदवह्या शाल्मलीने मागून नेल्या होत्या. ब्रेकपाल त्यांवरच शिकला. आज वह्या परत न्यायला ते आले होते, सोबत दोन रिकाम्या पिशव्या घेऊन.

"धूर दिसला, काका. ब्रेक अडकला की पॅड चाकाच्या चकतीला घासत राहतो, तापतो, धूर येतो, शेवटी पेट घेतो. म्हणून त्या डब्यातली हवा काढून घ्यायची. ब्रेक मोकळा होतो."

"पण गाडी उतारावर आहे, बाई. चालकानेच ब्रेक लावलेत. धूर येणारच."

"थोडा येतो, हे ब्रेकपालला माहीत आहे."

"थोडा कशाला? नव्या पॅडला भरपूर येतो. त्यात राळ असते ना? गाडीचा जोर कुठेतरी जायला हवा, तो उष्णतेत जातो. वरची राळ पहिल्यांदा भाजली की असा धूर निघतो की लोक खिडकीतून उड्या मारायला बघतात. दोनदा नीट तापला की पॅड निमूट होतो."

पाचवा डबा करडा झाला. पाठोपाठ बारावा.

रेडिओवर चालक इब्राहिम मुकादमचा आवाज आला. "माथेखडी, ब्रेक हलका लागतोय. मी जोर वाढवतोय. गाडी उभी करणार."

जोर वाढवला तसे आणखी तीन डबे करडे झाले.

शाल्मलीने खरवत्यांच्या वहीतलं एक पान उघडलं. सगळ्या पानांवर एकच घाटणी होती. डबा ९. धूर. धरला. डबा ११. धूर. धरला.

"काका, या नोंदी. असे हजारो ब्रेक अडकले तुमच्याकडे?"

"अडकले? कोण म्हणतं?"

"धरला लिहिलंय."

"मग? धरला म्हणजे धरला. ब्रेकने चाक धरलं. उत्तम काम करतोय." खरवते उभे राहिले. "चौकीवर उभे राहून आम्ही डबे मोजायचो. ज्याला धूर, त्याच्यापुढे धरला. ज्याला धूर नाही त्याची भीती. असे दोन डबे दिसले तर गाडी थांबवायचो. तुम्ही काय समजलात?"

शाल्मलीची उमेदवारी सपाटीवरच्या यार्डात झाली होती. तिथे 'ब्रेक धरला' म्हणजे ब्रेक अडकला. धरलेला ब्रेक घेऊन गाडी यार्डाबाहेर सोडत नसत. खरवत्यांच्या नोंदींवर 'दोष' असा शिक्का मारताना तिला कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. मराठीच तर होतं.

"मोघेसाहेब," ती म्हणाली, "ब्रेकपालला मी उलटं शिकवलंय. घाटात जो डबा नीट ब्रेक लावतो, तोच तो मोकळा करतो. उरलेल्यांवर जास्त भार येतो, ते जास्त तापतात, धूर येतो, मग त्यांची पाळी."

"मग बंद करा तो."

"चालत्या गाडीत बंद होत नाही."

"कोणी ठरवलं असं?"

"मी. चालक बंद करून ठेवायचे म्हणून."

दोन एकतीस. दहावा किलोमीटर. हिरवे चौकोन पाच, वेग छत्तीस. चौदाव्या किलोमीटरवर कातळपुलाचं वळण होतं. तिथे पंचावन्नच्या वर वेग असला तर गाडी रुळावर राहणार नव्हती. इंजिनाचे स्वतःचे ब्रेक इंजिनापुरते होते.

"माथेखडी, आपत्कालीन ब्रेक लावू का?" मुकादमने विचारलं. त्याचा आवाज अजून सरळ होता.

"नको," शाल्मली म्हणाली. "एकदम सगळे तापतील, सगळे धुरावतील. आठ सेकंदांत ब्रेकपाल उरलेले पाचही सोडवेल."

"मग मी करू काय, मॅडम? हात जोडून बसू? हे बघा, सहावा गेला. सुटला! सहावा सुटला!"

खरवत्यांनी डोळे मिटून घेतले. माथेखडीत हा शब्द कोणी उच्चारत नसे. घाटातल्या रेल्वेवाल्यांच्या घरी शाळासुद्धा सुटत नसे. ती आटपत असे. सुटला म्हणजे ब्रेक गेला, गाडी कोणाची राहिली नाही.

"चौदावाही सुटला," मुकादम म्हणाला. आता तो ओरडत नव्हता.

हिरवे तीन. वेग एक्केचाळीस. मोघे पायथ्याच्या स्टेशनला रुग्णवाहिका सांगत होते. शाल्मली पडद्यावरून नजर हलवत नव्हती, म्हणून ते तिलाच दिसलं. सहावा चौकोन पुन्हा हिरवा झाला. थोड्या वेळाने चौदावाही.

"हे दोन परत आले."

"कसे?" मोघ्यांनी फोनवर हात ठेवला.

"सोडवलेले डबे बरेच. परत आले दोनच. मुकादमांनी नाव घेतलं ते दोन." ती भराभर बोलू लागली. "ब्रेकपाल रेडिओ ऐकतो. धूमवाचक फसू शकतो, माणूस जागेवर असतो, म्हणून कर्मचाऱ्याची साक्ष मी सगळ्यांत वर ठेवली. सपाटीवर अडकलेला ब्रेक मोकळा केला की म्हणतात सुटला. म्हणजे दोष गेला. त्याने ते ऐकलं, चाळीस सेकंद थांबला आणि हवा परत जोडली. आणि साक्ष मिळालेल्या डब्याकडे तो वीस मिनिटं बघतही नाही, कितीही धूर येवो."

खरवते तिच्या खुर्चीजवळ आले. "म्हणजे तो शब्द सोळा वेळा बोलायचा."

"हो. पण एक आहे." ती मोघ्यांकडे वळली. "एका गाडीवरची साक्ष हा सगळ्या गाड्यांचा धडा होतो. लगेच. एक-दोन साक्षींनी फरक पडत नाही. भरपूर धूर आणि वर चालक सांगतोय दोष नाही, असं एकाच गाडीवर सोळा वेळा झालं, तर ब्रेकपाल शिकेल की धूर दिसला तरी काही करायचं नाही."

"सगळ्या गाड्या म्हणजे किती?"

"दोनशे अठ्ठावीस. बहुतेक सपाटीवर."

"अडवा मग धडा."

"साक्ष त्याच वाटेने गाडीत पोचते. धडा अडवला तर मुकादमांचं बोलणंही पोचणार नाही."

मोघ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन तेहेतीस. वेग सेहेचाळीस, वळणाला पावणेतीन किलोमीटर. "बोलायला सांगा," ते म्हणाले.

"मुकादम, नीट ऐका. एक ते सोळा, प्रत्येक डब्याचं नाव घेऊन सुटला म्हणा. ब्रेक परत येतील."

रेडिओ खरखरला. मग, "मॅडम, मागे आठशे माणसं आहेत. मी हा शब्द घेणार नाही. दोनदा तोंडातून गेला तेवढं पुरे."

खरवत्यांनी तिच्या हातातून मायक्रोफोन घेतला. "इब्राहिम, मी खरवते."

"काका? तुम्ही तिथे काय करताय?"

"वह्या न्यायला आलो होतो. ऐक. त्या यंत्राला आपली भाषा येत नाही. आपल्याकडे जे वाईट, ते त्याच्याकडे चांगलं. मी एकतीस वर्षं हा शब्द तोंडाबाहेर काढला नाही, आता तुला म्हणतो, काढ. तोंडाने सुटला म्हण आणि हाताने धर."

"तुमच्या जबाबदारीवर?"

"माझ्याच जबाबदारीवर. लवकर. तुझा बाप एवढा वेळ लावत नसे."

"बाप मध्ये आणू नका, काका." आणि मग, एका दमात, "पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसरा सुटला..."

तो सोळापर्यंत गेला. पहिला चौकोन अजून करडाच होता. शाल्मली मनात चाळीस मोजत होती, तीसला अडखळली, पुन्हा मागे गेली. वेग बावन्न.

पहिला हिरवा झाला. मग दुसरा, मग एकदम चार.

"आता!" ती ओरडली. "पूर्ण ब्रेक!"

कातळपुलावरच्या कॅमेऱ्यात वळणाच्या अलीकडे पांढुरकं काहीतरी दिसू लागलं. ते वाढत गेलं. डबे दिसेनात, फक्त त्यांच्या पोटाखालून निघणारे धुराचे लोट. खरवते पडद्याला नाक लावून बोट हलवत होते.

"चौदा. पंधरा." ते थांबले. "सोळा. सगळ्यांनी धरलंय."

वेग चाळीस, एकवीस, सहा, शून्य. वळणाला तीनशे मीटर बाकी होते.

"उभी आहे," मुकादम म्हणाला. "धुराने लोक खोकतायत आणि मला शिव्या घालतायत. देऊ देत."

मोघे खुर्चीत बसले. शाल्मली बसली नाही. "सगळ्या गाड्या थांबवा," ती म्हणाली. "दोनशे सत्तावीस. आत्ता."

"धडा परत घेता येत नाही?"

"येतो. प्रत्येक गाडीने पोच द्यायची, पस्तीस मिनिटं लागतील. तोवर सपाटीवर एखाद्या गाडीचा ब्रेक खरंच अडकला तर ब्रेकपाल बघत बसेल."

"कारण काय लिहू?"

"माझं नाव लिहा."

मोघ्यांनी आदेश सोडला. पुढच्या सात मिनिटांत दोनशे सव्वीस गाड्या थांबल्या. एका गाडीचा रेडिओ उत्तर देत नव्हता. ती जिथून नुकतीच गेली होती, त्या स्टेशनला मोघ्यांनी फोन लावला आणि आवाज खोलीत सोडला.

"हो, गेली की," तिथला स्टेशनमास्तर म्हणाला. "मागच्या बाजूला पाचव्या डब्याखाली धूर होता जरा. पण पडद्यावर ब्रेकपाल त्या डब्यापुढे 'सुटला' असं दाखवत होता, म्हणून सिग्नल दिला. का हो?"

"पुढचं स्टेशन किती लांब?" शाल्मलीने विचारलं.

"नऊ मिनिटं. त्यातली चार गेली."

पुढच्या स्टेशनला फोन लागला तेव्हा शाल्मलीने तोंड उघडलं; पण समोरच्या माणसाला काय सांगायचं, यासाठी तिला शब्द सापडेना. खरवत्यांनी फोन हातात घेतला.

"कोण बोलतंय? काटेवाला का? नाव काय तुझं? हां, भगवान. भगवान, एक्सप्रेस येतेय ती थांबवायची. लाल झेंडा घे आणि फलाटाच्या टोकाला उभा राहा. पडद्यावर काय लिहून येतंय ते बघू नको, मास्तर काय म्हणतोय ते ऐकू नको. गाडी उभी राहिली की पाचव्या डब्याखाली बघ, लांबून. चाकाला हात लावू नको. फोन तसाच ठेव."

फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. धावण्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. लांबून शिट्टी, ती जवळ येत गेली, आणि लोखंडावर लोखंड घासत गेल्याचा लांबलचक आवाज.

दोन पन्नासला भगवान धापा टाकत परत आला.

"थांबली, साहेब. पाचवा डबा. धूर आहे." त्याने श्वास घेतला. "धरला."

खरवत्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. एकतीस वर्षं त्यांनी हा शब्द लिहिला होता आणि त्याचा अर्थ कधी कोणाला विचारला नव्हता.

"धरला म्हणजे?" ते म्हणाले. "कोणी काय धरलंय, ते नीट सांग."