आरशात मागचं सगळं

या, जरा पुढे सरका, मागच्यांनाही जागा होऊ द्या. एका कानाने ऐकू न येणाऱ्या मुलीची गोष्ट सांगतो. तुम्ही मात्र दोन्ही कान इकडे द्या.

ती सायकलवरून रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवायची. उजवा कान लहानपणीच्या तापात गेलेला. मागून गाडी आलेली कळायची नाही, म्हणून सारखी मान वळवायची… आणि मानेबरोबर हँडलही वळायचं! एकदा अशीच ती थेट सायकल दुरुस्तीच्या दुकानात घुसली. पुढचं चाक पंक्चर शोधायच्या पाण्याच्या घमेल्यात.

"या ना," चिंब झालेला कारागीर म्हणाला, "पण ब्रेक दाराबाहेर दाबतात."

त्याने उजव्या हँडलला आरसा बसवून दिला. दुसऱ्या दिवशी ती फणफणत हजर.

"यात नुसतं आभाळ दिसतंय!"

"मग देव दिसेल की."

"मागचा टेम्पो दिसला नाही, तर देव प्रत्यक्षच दिसेल!"

तो ओशाळला. उभ्याने, स्वतःच्या उंचीने त्याने आरसा लावला होता. मग ती सीटवर, तो दुसरी सायकल घेऊन मागे.

"दिसतोय का?"

"नाक दिसतंय. …आता डोळे." आणि तिने आरसा तिथेच घट्ट केला.

घरी मात्र खरचटलेला गुडघा बघून बाबा कडाडले, "महिन्याने मी परीक्षा घेणार. नापास झालीस, तर सायकल विकायची!" सायकल गेली की नोकरी गेली. ती महिनाभर आरशात बघायला शिकली. कारागीर रोज मागून यायचा… आरसा हलला नाही ना, एवढंच बघायला, बरं का!

परीक्षेच्या सकाळी बाबा आपली जुनी सायकल घेऊन तिच्या मागे निघाले. अट एकच. मान वळवायची नाही आणि पोहोचल्यावर मागचं सगळं सांगायचं.

प्रयोगशाळेच्या फाटकात तिने पाय टेकला. "दुधाची गाडी. तिला मी वाट दिली. मग दोन शाळकरी मुली. लाल मोटार, ती गल्लीत वळली. आणि बाबा… चौक मी नीट ओलांडला, तेव्हा तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत."

"पास," बाबा कसंबसं म्हणाले.

"अजून एक राहिलं. तुमच्या मागे वीस हातांवर एक सायकल. रोजचीच."

बाबा गर्रकन वळले. कारागीर पाना हातात घेऊन उभा.

"तुझं काय काम रे इथे?"

"आरसा… तपासत होतो."

"महिनाभर?"

"आरसा पहिल्याच आठवड्यात नीट बसला होता," तो खाली बघत म्हणाला. "मीच… स्वस्थ बसलो नाही."

ती खळखळून हसली. "मग उद्यापासून मागे राहू नकोस. शेजारून चल. डाव्या बाजूने हं, त्या कानाने मला ऐकू येतं!"

बाबांनी सायकलची घंटा वाजवली. एकदा नाही, तीनदा!

तर मंडळी, कधी सायकलच्या आरशात मागे बघाल, तेव्हा चौकात डोळे पुसणाऱ्या त्या बापाची आठवण ठेवा.