बंद दाराआडची धाव

"आत काय चाललंय गं?" दारावर सासूबाईंची थाप पडली आणि शेपटीच्या काळजात लक्क झालं!

"चालतेय, आई... नुसती चालतेय!" ती धापा टाकत म्हणाली, आणि त्याच श्वासात तिनं मनातल्या मनात स्वतःला हव्या तेवढ्या शिव्या घातल्या. समोर ट्रेडमिलच्या काचेवरचा आठचा आकडा तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. आठच्या वेगाला कुणी चालत नाही. आठला माणूस धावतो. आणि तिच्या पोटात तर जुळी होती!

शेपटी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते मैदानावरच्या मुलींनी ठेवलं होतं, कारण शर्यतीत त्यांना तिच्या पाठीवर उडणारी केसांची शेपटी तेवढी दिसायची. तिचा चेहरा कसा आहे हे त्यांना बक्षीस समारंभात कळायचं. लग्नानंतर ते नाव तिच्यामागोमाग धावत सासरीही आलं.

डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीला हलकं धावायला परवानगी दिली होती. पण पुढे पोट असं वाढलं, की आधी ते खोलीत शिरायचं आणि मग सवडीनं शेपटी यायची. तेव्हा बाई म्हणाल्या, "आता धावणं बंद. भरपूर चाला, पण धावायचं नाही." शेपटीनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली, घरी आली, खोलीचं दार लावलं... आणि धावली!

ती काय दुष्ट होती? मुळीच नाही. पण जन्मभर ज्या देहाला तिनं पोटच्या लेकरासारखं घडवलं, त्या देहात आता दोन भाडेकरू राहायला आले होते, आणि प्रत्येक गोष्टीत त्यांचीच मर्जी विचारली जात होती. मालकिणीला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. फक्त त्या पट्ट्यावर, दाराआड, थोडा वेळ तो देह पुन्हा तिचा होई... आणि उतरल्याबरोबर अपराधीपणाची अशी काही लाट अंगावर येई, की ती पोटावर हात ठेवून दोघांची वेगवेगळी माफी मागत बसे. एकत्र मागितली तर एकाला कमी पडेल, अशी तिला भीती वाटे.

त्यात ती ट्रेडमिल सासूबाईंनीच आणलेली! सासूबाई शिलाई यंत्रांच्या कारखान्यात मेकॅनिक होत्या. निवृत्त झाल्या तरी हातात पाना नसला, की त्यांना चारचौघांत अवघडल्यासारखं होई. एका बंद पडलेल्या व्यायामशाळेतून त्यांनी तो खटारा उचलून आणला, दुरुस्त केला, आणि वर म्हणाल्या, "रस्त्यात खड्डे आहेत. तू घरातच चाल." दर रविवारी त्या यंत्राला तेलपाणी करत. आणि रोज संध्याकाळी सुनेचे पाय मांडीवर घेऊन चेपत.

"बिचारे पाय! चालून चालून सुजले माझ्या लेकीचे..."

प्रत्येक शब्द शेपटीच्या अंतःकरणात बाणासारखा रुतत असे. या मायाळू, निष्पाप माउलीला आपण फसवतोय! पाय ओढून घ्यावेत असं तिला वाटे. पण चेपणं फार सुरेख असल्यामुळे ती तसं करत नसे, आणि मग त्याचीही वेगळी टोचणी लागे.

आणि मग ती सोनोग्राफी झाली.

पडद्याकडे बघता बघता डॉक्टरीणबाई थांबल्या. "एक बाळ छान वाढतंय. दुसरं जरा मागे पडलंय."

मागे पडलंय! कुणाला मागे टाकल्याशिवाय जिचा एक दिवस गेला नाही, तिच्याच उदरात तिचं लेकरू मागे पडलं होतं! डॉक्टरीणबाई पुढे बरंच काही बोलत होत्या, नवरा मान डोलावत होता, काहीबाही विचारत होता. शेपटीला मात्र तिच्या स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकू येत होता... धप्, धप्, धप्!

घरी येताच ती ट्रेडमिलच्या काठावर मटकन बसली. सासूबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या, आणि तिच्या संयमाचा बांध फुटला.

"आई, मला पाणी देऊ नका! मी त्या लायकीची नाही! मी चालत नव्हते, आई... मी धावत होते! रोज! आठनं! माझ्या बाळाच्या तोंडचा घास मी पळवला... मला काय वाटेल ते बोला!"

सासूबाईंनी पेला खाली ठेवला, हत्यारांच्या पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि ट्रेडमिलच्या पुढचं झाकण उघडू लागल्या. शेपटीला वाटलं, यंत्र मोडून टाकणार. तिनं डोळे मिटले.

"डोळे उघड आणि हे बघ," सासूबाई म्हणाल्या. "ही पुली. मोटर हिला फिरवते आणि ही पट्ट्याला. मूळची एवढीशी होती. ही मी जुन्या कारखान्यात जाऊन लेथवर कातून आणली, मोठी. मोटर पूर्वीइतकीच फिरते, आकडाही तोच दाखवते... पट्टा मात्र रमतगमत जातो. तू एकदाही धावली नाहीस, पोरी. रोज मला 'चालतेय' म्हणून सांगायचीस ना? ते खरंच होतं."

"पण मला धाप लागायची!"

"दोन पोरं घेऊन चालल्यावर धाप नाही लागणार तर काय ढेकर येणार?"

शेपटीला पट्टा मंद वाटला होता खरा. पण तिनं त्याचा दोष पोटाला दिला होता. आणि आकडा आपल्या बाजूनं बोलत असला, की तपासायला कोण जातं!

"म्हणजे... ते आठ नव्हतं?" अश्रूंमधूनही तिचा स्वर दुखावला.

"साडेचार. आता चार. जसं पोट वाढत गेलं, तशी मी पुली वाढवत गेले."

"चार! चारनं तर लोक भाजी आणायला जातात!" ती हुंदका देत ओरडली. "फसवलंत मला! सरळ अडवलं का नाहीत?"

सासूबाई जमिनीवरच बसल्या. हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी पदरानं पुसला, मग त्याच पदरानं डोळे.

"मी सायकलच्या शर्यतींत उतरायचे गं. तुझा नवरा पोटात होता तेव्हा माझ्या सासूबाईंनी मला निजवून ठेवलं. प्रेमानंच. मी उठले तेव्हा मला कुणीही अडवत नव्हतं... पण कुठं जायचं होतं तेच आठवेना. तुला अडवायला दारापर्यंत रोज यायचे. थाप मारायचे. पण तुझी पावलं ऐकली की जीभच उचलत नसे. आणि धावू देण्याची छाती नव्हती. म्हणून ही लबाडी... चोरासारखी बाहेर उभी राहायचे मी. मला माफ कर!"

"तुम्ही कसली माफी मागता? मी मनानं तर रोज आठनंच धावले ना!"

"माझंही एक आहे," दारातून नवरा म्हणाला. तो लिफ्ट तपासनीस होता. एरवी कुठंही शिरला की आधी छताकडे बघे, आज जमिनीकडे बघत होता. "तू धावतेस असं मलाही वाटत होतं. खोलीची जमीन हादरायची, आणि हादरे ओळखणं हा माझा धंदाच आहे. पण तू इतकी खूश दिसायचीस, की मी गप्प बसलो. म्हणून आज डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारलं, धावल्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, नाही. दोघांना एकाच वारेतून पोसलं जातंय आणि वाटणी सारखी झालेली नाही. लहान आहे, पण वाढतंय. लक्ष ठेवू म्हणाल्या."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?" दोघी एकदम किंचाळल्या.

"तुम्ही बोलू दिलंत कुठं!"

मग तिघंही रडली. कुणाचा अपराध मोठा यावर तिघांचं एकमत होईना, आणि प्रत्येक जण आपलाच असल्याचं हट्टानं सांगत होता. शेवटी शेपटीनं सासूबाईंचे ते तेलकट हात आपल्या पोटावर ठेवून घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"आई," ती हळूच म्हणाली, "आता तुम्ही चढा यावर."

"मी? वेडी की काय! माझे गुडघे बघ..."

"मी बाजूला उभी आहे. धरते तुम्हाला."

सासूबाईंनी झाकण बसवलं, एकेक स्क्रू निगुतीनं पिळला, चपला काढल्या आणि पट्ट्यावर उभ्या राहिल्या. दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. नवऱ्यानं सवयीनं विचारलं, "वजन किती?" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"किती ठेवू, आई?"

सासूबाईंनी भोवती पाहिलं, कुणी बघत नाही ना याची खात्री करून घ्यावी तसं. आणि मग एखाद्या अपराधी मुलीसारख्या पुटपुटल्या,

"आठ ठेव."