शेवटच्या खुर्चीपर्यंत

कूलरसमोरून जरा सरकून बसा, म्हणजे माझा आवाज तुमच्यापर्यंत नीट येईल. आणि आधीच सांगून ठेवतो, मी भूत पाहिलं असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात भुतावर विश्वास ठेवायची परवानगीच नाही. लहानपणी मी अंधाराला घाबरलो की वडील जवळ घ्यायचे नाहीत. हातात बॅटरी द्यायचे आणि म्हणायचे, "जाय, पाहून ये." मी जायचो, पाहून यायचो, काही नसायचं. पण ही गोष्ट मे महिन्यातल्या भर दुपारची आहे. तिथे बॅटरी काय कामाची?

माझं नाव नागसेन. राजापेठेतली 'खुशाल साउंड सर्व्हिस' माझी आणि खुशालरावांची. म्हणजे आता माझी एकट्याची, कारण खुशालराव दिवाळीनंतर गेले. बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, आणि बावीस वर्षांत त्या माणसाच्या तोंडून एक 'शाबास' निघालं नाही. वायर गुंडाळायची तर आठाच्या आकड्यात, आणि वर लाल चिंधीची गाठ. मी गुंडाळलेली वायर ते पुन्हा सोडायचे. "नाग्या, हे वायर हाय का शेवया?"

कार्यक्रम कोणाचाही असो, माईकवर नखाने तीन टिचक्या, एक फुंकर, आणि मग शेवटच्या रांगेकडे बघून विचारायचे, "शेवटची खुर्ची, आवाज येऊन राह्यला का?" तिथून 'हो' आल्याशिवाय ते मंत्र्यालाही बोलू देत नसत. 'हो' आलं की त्यांच्या जुन्या कॅसेटवरची सनई. बाकी सगळं नंतर. दिवसभर वायरींना सोल्डरिंगचे डाग देत बसल्याने त्यांच्या अंगाला कायम राळेचा वास यायचा. आजही कुठे सोल्डरिंग चाललं असलं की मी आधी मागे वळून बघतो.

त्यांच्यामागे मी एकट्याने घेतलेलं पहिलं काम म्हणजे रश्मीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. सकाळी बाजारातून एक नवी वायर घेतली आणि अकराच्या सुमारास तिच्या आईच्या, सीमाताईंच्या घरी पोचलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ऊन असं की कुत्रीसुद्धा नालीत बसलेली.

नवरा मुलगा रोहित टोरांटोत. त्याला सुट्टी नव्हती, म्हणून सगळं व्हिडिओ मीटिंगवर. तिकडे रात्रीचे तीन वाजणार होते. त्याची मोठी बहीण चंदा अंगठी घेऊन इकडे आली होती, तीच त्याच्या वतीने रश्मीच्या बोटात घालणार. बाकीचे त्रेचाळीस पाहुणे आपापल्या चौकोनात. त्यात एक चौकोन सगळ्यांत महत्त्वाचा. रोहितची आजी, पार्वताबाई. नांदगाव खंडेश्वरला खाटेवर, खुब्याचं हाड मोडलेलं. पोरांनी आपसात जमवलं म्हणून त्यांनी तीन वर्षं हे लग्न अडवून धरलं होतं. शेवटी हो म्हणाल्या, पण अट घालून.

"वाजा ऐकल्याबिगर अंगठी घालाची नाही," त्यांनी त्या दिवशीही सुरुवातीलाच बजावलं. "माह्या साक्षगंधाले वाजा नोयता. मानूस जनमभर माह्याशी बोलला नाही."

मुहूर्त बारा चोवीस ते बारा छत्तीस. तो टळला तर पुढचं दिवाळीनंतर, आणि दिवाळीपर्यंत पार्वताबाईंचं मन पालटणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. रश्मी पाटावर बसून घड्याळाकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "बेटा, तू फिकर करू नोको. आवाजाचं आपल्याकडे लागलं." असलं बोलू नये माणसाने.

मी स्पीकरचे दोन मोठे बॉक्स लावले आणि एका बॉक्सच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला. बावीस वर्षं लांब आवाज न्यायचा म्हणजे बॉक्ससमोर माईक धरायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. कॅसेट टाकली. सनई अशी घुमली की खिडकीची तावदानं थरथरली आणि शेजारच्या बाई विचारायला आल्या.

"आजी, येऊन राह्यला का आवाज?" रश्मीचा भाऊ विपुल लॅपटॉपमध्ये ओरडला.

"कायचा आवाज?" पार्वताबाई म्हणाल्या. "तुमचं पोट्टंच तेवढं ओरडून राह्यलं."

मी आवाज वाढवला. तिकडे काही नाही. आणखी वाढवला. भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. तिकडे शांतता.

विपुल म्हणाला, "काका, हे अ‍ॅप गाण्याले गोंगाट समजते. मानसाचा आवाज ठेवते, बाकी सारा गाळून टाकते."

सनई म्हणजे गोंगाट! खुशालराव असते तर त्यांनी ते अ‍ॅप पायरीवर आपटलं असतं. मला खरंच राग आला. विपुलने समजावलं की गाणं लॅपटॉपवरच वाजवायचं, स्क्रीन शेअर करताना आवाजाच्या चौकोनात खूण करायची, मग ते थेट सगळ्यांकडे जातं. पण माझी सनई होती कॅसेटमध्ये. ती लॅपटॉपमध्ये घालायची कशी, याचा विचार चालू असतानाच, बारा वाजून वीस मिनिटांनी, लाइट गेली.

कूलर घरघरत थांबला. मे महिन्यात कूलर थांबला की घर कसं होतं तुम्हाला माहीत आहे. ओल्या वाळ्याचा वास तेवढा मागे राहतो. बॉक्स मेले, टेप मेला. लॅपटॉप बॅटरीवर आणि मीटिंग विपुलच्या मोबाइलच्या नेटवर, म्हणून चौकोन तेवढे जिवंत होते.

विपुलने घाईघाईने नेटवर सनई शोधली, खूण करून शेअर केली, आणि त्रेचाळीस पाहुण्यांना खणखणीत आवाजात खाज-खुजलीच्या मलमाची जाहिरात ऐकू गेली.

"हा कोनता वाजा हाय?" पार्वताबाईंनी विचारलं.

विपुल घाबरला. त्याने शेअर बंद केलं आणि सगळ्यांचे माईकही बंद करून टाकले. पुन्हा शोधायला गेला तर नेट गोगलगाय झालेलं. बारा सव्वीस. बारा अठ्ठावीस. सीमाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. रश्मी रडत नव्हती, पण बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मनातल्या मनात म्हणालो, खुशालराव, माझ्याच्यानं नाही होत.

तेव्हा मला राळेचा वास आला.

आधी वाटलं वायर जळाली. पण लाइटच नव्हती... जळणार काय? घरात एवढी शांतता की रोहितच्या खोलीतलं घड्याळ दिसत होतं आणि त्याची टिकटिक मला ऐकू आल्यासारखी वाटत होती.

"काका..." विपुल हळूच म्हणाला. "हे पाहा..."

पडद्यावरचे लोक हलत होते. एक जण, मग दुसरा. अकोल्याच्या जुन्या शहरातली मावशी डोळे मिटून मान डोलावत होती. पुण्याचे काका मांडीवर ताल धरून बसले होते. रोहित, वर शेरवानी आणि खाली घोंगडी अशा थाटात, टक्क जागा होऊन हसत होता. त्रेचाळीस माणसं काहीतरी ऐकत होती. आमच्या खोलीत मात्र टाचणी पडली असती तरी कळलं असतं.

"तू काही लावलं का?" मी विचारलं.

"नाही ना... शेअर बंद हाय..."

"मग हे काय ऐकून राह्यले?"

आमच्या चौकोनाभोवती हिरवी रेघ उमटली होती. आवाज आमच्याकडून जात असला तरच ती उमटते, असं विपुल म्हणाला आणि माझ्या मागे सरकला. चोवीस वर्षांचा गडी, माझा शर्ट धरून उभा.

मग पार्वताबाईंनी मान वर केली. कॅमेऱ्यात नाही, थोडं बाजूला, कोणीतरी विचारल्यावर बघावं तसं. आपल्या हाताने त्यांनी माईक चालू केला आणि खाटेवरून हात उंचावला.

"हो बाप्पा," त्या म्हणाल्या. "येऊन राह्यला. अगदी शेवटच्या खुर्चीले येऊन राह्यला..."

तो प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारला नव्हता.

"पाहता काय?" पार्वताबाई डोळे पुसत ओरडल्या. "घाला अंगठी!"

चंदाने अंगठी घातली. बारा एकतीस. रश्मी हसत हसत रडायला लागली आणि सीमाताईंनी मला पेढा भरवला. तो मी न चावता गिळला.

लाइट आल्यावर विपुलने मीटिंगचं रेकॉर्डिंग तपासलं. त्यात जाहिरात आहे, पार्वताबाई आहेत, आणि मध्ये तीन मिनिटं नुसती शांतता आहे. मी पार्वताबाईंना फोन लावला.

"आजी, सनई कोण वाजवून राह्यलं होतं?"

"तुमचाच तो म्हातारा ना. पयले माईकवर टकटक केली, फुंकर मारली, मंग इचारलं. कामाचा मानूस हाय, तुह्यासारखा नाही. लग्नाचं बी त्यालेच सांगतलं मी. येतो म्हणे."

मी फोन ठेवला. वडील म्हणायचे, जा आणि पाहून ये. राळेचा वास सामान भरलेल्या पेटीला अजून येत होता, पण ती मी तिथे उघडली नाही, दुकानात आणून, दार सताड उघडं ठेवून, उन्हात उघडली. वायरी मी घाईत कोंबल्या होत्या, नेहमीसारख्या. शपथेवर सांगतो, कोंबल्या होत्या. आत एकूण एक वायर आठाच्या आकड्यात गुंडाळलेली. प्रत्येकीवर लाल चिंधी, प्रत्येक चिंधीला गाठ.

फक्त सकाळी आणलेली नवी वायर तशीच मोकळी होती. तिच्याजवळ एक चिंधी घडी करून ठेवलेली.

ती वायर बघा, तिकडे खिळ्याला. आठ दिवस झाले. लग्नाच्या आधी मला ती गुंडाळावीच लागणार आहे. भुताला मी भीत नाही हो. पण नीट नाही जमली, आणि मागून कोणी शेवयांचं नाव काढलं तर...