दोन ग्रॅमचं खोटं

काटे दुरुस्त करणाऱ्याकडे कोण येतं? भाजीवाले, भंगारवाले, फार तर एखादा सोनार. त्यामुळे ती आली आणि ओंजळीत मावेल एवढा काटा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "याच्यामुळे माझी रोजची सकाळ नासते हो," तेव्हा मी जरा बावचळलोच.

"हा तर स्वयंपाकघरातला काटा."

"कॉफीचा. एकाला पंधरा. पंधरा ग्रॅम पावडर, सव्वादोनशे ग्रॅम पाणी. जरा इकडेतिकडे झालं की चव गेली."

"पाणीपण तोलता?"

"मग? तुम्ही काय करता?"

"मी चहा पितो. पाणी अंदाजाने, साखर मुठीने."

ती हसली. पुढचा एक दात किंचित वाकडा... तेवढ्यानंच आपलं काम तमाम झालं बघा.

औषधाच्या कारखान्यात पावडरी मोजायची ती. हे तिनं त्याच दिवशी सांगितलं होतं. मी कुठलं ऐकतोय, मी दात बघत होतो.

काटा तासाभरात नीट झाला. पितळी वजनं ठेवून बघितली, बिनचूक. मग मनात आलं, बिनचूक काटा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत कशाला येईल? माझा बाप याच खुर्चीत बसून म्हणायचा, "काटा खोटा तर माणूस खोटा." त्याच खुर्चीत बसून मी काटा दोन ग्रॅमनी खोटा लावला. तेरा ठेवले की पंधरा दाखवायचा.

पाचव्या दिवशी बाई थर्मास घेऊन हजर.

"प्या."

प्यायलो.

"कशी आहे?"

"गरम आहे."

"पाणचट आहे! तुम्हाला जीभ दिलीय देवानं की तिथंपण पेचकस?"

"ठेवून जा. बघतो."

असे चार महिने काढले. कधी दोन ग्रॅम कमी, कधी दोन जास्त. कधी कॉफी पाणचट, कधी कडू जहर. ती तणतणत यायची, स्टुलावर बसायची, थर्मासच्या झाकणात मला ओतून द्यायची. मी तोंड वाकडं करायचो, ती खुदकन हसायची. माझा चहा सुटला कधी, ते मलाच कळलं नाही.

एकदा झाकणाकडे बघत म्हणाली, "का हो... दोघांसाठी करायची झाली, तर माप किती?"

"दुप्पट. तीस आणि साडेचारशे."

तिनं झाकण माझ्या हातातून घेतलं, थर्मासवर घट्ट फिरवलं. "हुशार आहात," म्हणाली.

शाळेत गणितात कायम नापास झालेला मी. आयुष्यात एकदा उत्तर बरोबर आलं, तेही नको तिथं.

मग एका दुपारी ती थर्मास न घेताच आली.

"माझी बदली करतायत. दुसऱ्या शहरात. अजून हो म्हटलं नाहीये." काट्यावरून बोट फिरवत राहिली. "आणि हा काही सुधरत नाही. दोष याच्यात आहे की माझ्या हातात? एकदा खरं सांगा ना."

घशात आलं होतं. देवाशपथ, अगदी ओठापर्यंत... पण बाहेर पडलं ते "उद्या या."

ती गेली, मी शटर अर्धं ओढलं आणि काटा बरोबर लावला. म्हटलं, आधी काटा खरा करू, मग तोंड उघडू. सगळी वाक्यं पाठ केली.

दुसऱ्या दिवशी ती आली. "झाला?"

"एकदम बरोबर. आता परत यायची गरज नाही."

अहो, प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो मी हे! बापापासूनची सवय. पाठ केलेली वाक्यं राहिली मागे आणि जिभेवरचं घसरलं पुढे.

"नक्की?" तिनं विचारलं. अगदी हळू.

आणि मी गाढव म्हणालो, "गॅरंटी."

तिनं काटा उचलला, पिशवीत ठेवला, आणि गेली. मी आपला वाट बघतोय, थर्मास घेऊन येईल म्हणून. पण बरोबर काट्याचं गिऱ्हाईक कशाला येतंय?

वर्षभरानं तिची आई तोच काटा घेऊन आली. बटण अडकलं होतं.

"लेकीचाच हा. तिकडे गेली, तिकडेच लग्न ठरलं. जाताना म्हणाली, आई, हा टाकू नकोस, फार लबाड काटा आहे." आई हसली. "तुमच्याकडून पहिल्यांदा दुरुस्त करून नेला, त्याच दिवशी कारखान्यातल्या काट्यावर पडताळून बघितलं होतं तिनं. दोन ग्रॅमचा फरक. मी म्हटलं, मग त्या माणसाला झापत का नाहीस? तर म्हणाली, बघू दे ना, कधी कबूल करतो ते."

मी पेचकसानं बटण उचकटलं. बटणाच्या फटीत कॉफीची पावडर अडकली होती. कुंचल्यानं काढली... फुंकर मारवेना.

"झाला का बरोबर?" आईनं विचारलं.

"झाला. पण..." मी काटा त्यांच्या हातात दिला. "जरा काही वाटलं तर परत या. कधीही या."

तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगतो.