बाहेरून पुसलेली काच

तिखटमीठ लावलं की गोष्ट रंगते, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच आधी सांगून ठेवतो, यात माझ्या पदरचं चिमूटभरही मीठ नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत हे घडलं. तिने जसं सांगितलं तसंच पुढे ठेवतो आहे.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन.

हो, दुपारच. अशा गोष्टींना अंधारच लागतो, असं थोडंच आहे?

घरात सगळे तिला अजून 'धाकटी'च म्हणतात. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी धाकटी ती धाकटीच. त्या दुपारी ती घरामागच्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये होती. नवऱ्याच्या जुन्या गाडीत, डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवी पडलेली.

गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. नवऱ्याचा जीव की प्राण. रविवार उजाडला की तो गाडीखाली आणि धाकटी शेजारी पाने घेऊन बसलेली. तो "दहा" म्हणाला की दहाचा पाना, "बारा" म्हणाला की बाराचा. अशी तीस वर्षं गेली आणि पाने देता देता बाई अर्धी मिस्त्री झाली.

त्या दुपारच्या तीन वर्षं आधी घाटात तो गेला.

सकाळची वेळ होती. दाट धुकं. तो एकटाच होता. गाडी कडेला उभी करून खाली उतरला आणि समोरून आलेल्या ट्रकने त्याला उडवलं. गाडीला ओरखडाही आला नाही.

सगळे हळहळले. ब्लोअर बंद पडला, काच धुरकटली, पुसायला उतरला बिचारा...

धाकटीने मान डोलावली. पण एक गोष्ट तिला तेव्हापासून कुसळासारखी सलत होती.

काचेवर वारा सोडणारा ब्लोअर बंद पडला की काच धुरकटते ती आतून. आपल्याच श्वासाची वाफ असते ती. जन्मभर गाड्या खोलणाऱ्या माणसाला एवढं कळत नव्हतं? आणि पुसायचं फडकं तर सीटवरच सापडलं. घडी केलेलं. कोरडं.

मग तो उतरला कशाला?

आता त्यांच्या एकुलत्या एक लेकीला घाटावरच्या गावात नोकरी लागली होती. रविवारी सकाळी निघायचं होतं. आणि ती हट्टाला पेटली होती. "नेईन तर बाबांचीच गाडी."

"आधी ब्लोअर चालू होऊ दे. नाहीतर बसने जायचं."

"आई, ब्लोअर म्हणजे काय इंजिन आहे का?"

"तुझ्या बाबांचं इंजिन ठणठणीतच होतं."



धाकटीने आधी नाक्यावरच्या मेकॅनिकला फोन केला होता. तो हसला. "मावशी, कशाला आटापिटा करताय? खिडकी उघडा की, वाराच वारा!"

"खिडकीचा वारा पुढच्या काचेवर जातो होय रे, दीडशहाण्या?" म्हणत तिने फोन ठेवला आणि पदर खोचला.

तिने नवऱ्याच्या पद्धतीनेच सुरुवात केली. सोप्यापासून अवघडाकडे.

फ्यूज पाहिला. शाबूत. ब्लोअरच्या मोटरपाशी टेस्ट लॅम्प लावला. पेटला, म्हणजे तिथवर करंट येत होता. बोटाने पंखा फिरवला. लोण्यासारखा फिरला, म्हणजे मोटर जाम नव्हती.

मग राहिलं काय?

करंट नुसता जाऊन भागत नाही. त्याला परत यायलाही वाट लागते. ती परतीची वायर गाडीच्या पत्र्याला एका स्क्रूने जोडलेली असते. तो स्क्रू शोधून धाकटीने बोट लावलं. गंजाचा भुगा हाताला आला.

"सापडलास, मेल्या!"

तिने पॉलिश पेपरने पत्रा घासून चकचकीत केला. स्क्रू आवळला. ड्रायव्हरच्या सीटवर बसून दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली, बटण दाबलं.

घर्रर्र...

तीन वर्षांची धूळ तोंडावर आली. धाकटी शिंकली, हसली, मग थोडी रडलीही. ब्लोअर झकास चालत होता.

आणि मग...

काच धुरकटू लागली.

कडेकडेने. हळूहळू. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पत्रा तापला होता, ब्लोअर पूर्ण जोरात होता. तरीही.

तिने बोट टेकवलं. काच गार. बोटाची रेघ उमटली, म्हणजे वाफ आतल्या बाजूलाच होती.

एवढ्यात आवाज आला.

किर्र... किर्र...

ओल्या काचेवर फडकं फिरवल्यासारखा.

"कोण? लेकी, तू आहेस का?"

 लेकीचा आवाज तर घरातून येत होता. ती मोबाइलवर मैत्रिणीशी बोलत होती.

किर्र... किर्र...

धाकटीच्या डोळ्यांसमोर काचेवर तळहाताएवढा गोल स्वच्छ झाला. मग ताटलीएवढा.

आत जमलेली वाफ बाहेरून पुसली जात होती.

त्या गोलातून तिने पाहिलं. समोर गॅरेजची भिंत. भिंतीला टेकवलेला झाडू. बाकी कुणी नाही.

माणसाचा स्वभावच असा, की आधी भीती नाही वाटत. आधी बघावंसं वाटतं. धाकटीचा हात दाराच्या हँडलवर गेला. नुसतं खाली उतरून बघायचं, कोण आहे ते...

आणि तिचा हात तिथेच थिजला.

तिला कळलं. नवरा काच पुसायला उतरलाच नव्हता.

काच कोण पुसतंय, ते बघायला उतरला होता.

ती किती वेळ तशीच बसून राहिली, तिला आठवत नाही. आवाज थांबला. काच कोरडी ठणठणीत झाली. लेक आली तेव्हा ब्लोअर एकटाच घरघरत होता.

"अगंबाई, चालू झाला! म्हणजे आता गाडी न्यायची ना?"

सांगणार काय आणि कुठल्या तोंडाने? लेकीने वेड्यात काढलं असतं. "बसनेच जा गं," धाकटी म्हणाली.

"हे बरंय! ब्लोअर चालला तर ने, असं तूच म्हणालीस."

शब्दात अडकली बिचारी. शेवटी म्हणाली, "मग मीही येते. तुला सोडून बसने परत येईन."

रविवारी सकाळी आठला दोघी त्या घाटात होत्या. धुकं होतं, पण काच आरशासारखी. लेक गुणगुणत होती. धाकटीचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

ते वळण आलं...

काच धुरकटली. एका दमात. चादर ओढल्यासारखी.

"आई, काही दिसत नाहीये!" लेकीने गाडी कडेला घेऊन थांबवली. ब्लोअर पूर्ण जोरात होता.

किर्र... किर्र...

"कोणीतरी आहे गं बाहेर. काच पुसतंय." लेक डोळे बारीक करून बघत होती. तिने दार उघडलंही. बोटभर.

धाकटीने तिचं मनगट धरलं. "उतरायचं नाही."

"अगं, मदत करतंय कोणीतरी..."

"दार लाव म्हणते ना!"

असा आवाज लेकीने जन्मात ऐकला नव्हता. तिने दार लावलं.

दुसऱ्याच क्षणी धुक्यातून ट्रक आला आणि त्या दाराला जवळजवळ घासून गेला. गाडी गदगदा हलली. हॉर्न मागाहून ऐकू आला.

मग सगळं शांत. काच स्वच्छ. रस्ता रिकामा.

 धाकटीने तिथेच आदल्या दुपारचं सगळं सांगितलं. लेकीने ते नीट ऐकलं. शेवटी ती हळूच म्हणाली,

"आई... ते बाबा असले तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपण त्यांना बाहेरच ठेवलं."



या गोष्टीला वर्ष होत आलं. गाडी वरच्या गावात लेकीच्या दारात असते. ब्लोअर अजून उत्तम चालतो. लेक दर महिन्याला आईला भेटायला त्याच घाटातून येते. आणि त्या वळणावर, कितीही गारठा असो, आपल्या बाजूची काच चार बोटं खाली करते. बाबांसाठी. आई ओरडते, हातापाया पडते. लेक ऐकत नाही.

परवा धाकटी माझ्याकडे आली होती. चहा तसाच निवला. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "दादा, आता लेकीचे बाबाच काच पुसत असतील, असं मीही धरून चालते. पण मग..."

तिने वाक्य पूर्ण केलं तेव्हापासून माझ्याही डोळ्याला डोळा नाही.

"पण मग ते खाली उतरले, त्या दिवशी काच कोण पुसत होतं?"