राब कुणाचा भाजला

जयरामच्या डोक्यावर ऐनाच्या वाळक्या फांद्यांचा भारा होता, एवढा मोठा की त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. म्हणून राघोकाकाच्या शेतात वाकून बसलेली मुलगीही दिसली नाही. भारा तिच्यावर कलला, ती चटकन बाजूला सरकली आणि हातातली प्लास्टिकची पिशवी तिनं छातीशी धरली. पिशवीत माती होती.

"चोरायला माती बरी गावली तुमाला," जयराम म्हणाला.

"चोरी नाही, नमुना आहे."

"राघोकाकाला इचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, हवी तर टोपलीभर ने, पण मला हसवू नको."

जयरामला हसू आलं. भारा डोक्यावर होता म्हणून मान हलवता येत नव्हती, नाहीतर त्यानं तोंड फिरवलं असतं. तिनं ते हसू पाहिलं... आणि पिशवीला गाठ मारताना ती दोनदा चुकली.

ती समीक्षा. मुरबाडची, वडिलांचं बियाण्यांचं दुकान. मुंबईला विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचं एम.एस्सी. करत होती, आणि २००४ सालच्या त्या वैशाखात डोळखांबकडच्या या पाड्यावर एसटीनं येत होती ती राबासाठी. भाताची रोपं टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, शेणी पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. त्यानं तण मरतं, रोप जोरात येतं. पण त्यासाठी झाडं छाटावी लागतात. राब न भाजता भागेल का, हे तिला मोजून सांगायचं होतं. म्हणून राघोकाकाच्या शेतात तिनं सुतळीनं चार चौकोन आखले. दोन भाजलेले, दोन तसेच ठेवलेले.

हे तिनं राघोकाकाला सांगितलं होतं. जयरामला सांगायचं राहिलं. त्याच्याशी बोलताना दुसरेच विषय निघायचे.

"हे शिकून काय होतात?" एकदा त्यानं विचारलं. तो शहापूरला बी.ए. झाला होता आणि शेती करत होता. "वकील कोट घालतो, डॉक्टर सुई टोचतो. तुमी काय करनार?"

"मी नदीला विचारणार, कुठं दुखतं."

"आनि पगार नदी देनार?"

"नाही. जिनं नदीत घाण सोडली ती कंपनी देणार. सांडपाणी तपासायला आता त्यांना माणूस ठेवावाच लागतो. कॉलेजांत हा विषय सक्तीचा होतोय, तिथं शिकवायला लागतात. धरण, रस्ता काही करायचं झालं की आधी अहवाल लागतो, तो लिहायला लागतात."

"म्हनजे लोकांनी घान करत राहायला पायजे. नायतर तुमी उपाशी."

"तुम्ही भांडायला येता की मदतीला?"

"अजून ठरलं नाय," तो म्हणाला, आणि मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं.

वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: यंदा पास झालीस तर खुशाल नोकरी कर, वर्ष गेलं तर कल्याणचं स्थळ आहे. स्थळाचा सिमेंटचा धंदा होता. त्यांनी तिचा फोटो मागवला आणि आपला पाठवायच्या जागी सिमेंटचं कॅलेंडर पाठवलं. समीक्षा रोज त्या कॅलेंडरकडे बघून अभ्यासाला बसायची.

मेअखेरीस तिची लेखी परीक्षा आली. दहा दिवस ती पाड्यावर फिरकली नाही.

आता पाड्यावर एक रीत होती. पाऊस तोंडावर आला आणि कुणाचा राब भाजायचा राहिला, तर शेजाऱ्यानं भाजून टाकायचा, आणि बोलून दाखवायचं नाही. जयरामनं बांधावरून पाहिलं — मुलीचे दोन चौकोन तसेच कोरे, न भाजलेले. त्याला वाटलं, बिचारीला फांद्या पुरल्या नाहीत. आभाळ तर भरत आलेलं. त्यानं आपल्या अंगणातले भारे उचलले आणि दोन्ही चौकोन असे सुरेख भाजले की सुतळीसुद्धा शिल्लक राहिली नाही.

समीक्षा आली तेव्हा तो बांधावर उभा होता. ती काही म्हणेल... निदान हसेल तरी. ती चारही काळ्या चौकोनांकडे बघत राहिली आणि मग मटकन खाली बसली.

"कुणी केलं हे?"

"आमी नाय बोलून दाखवत," जयराम म्हणाला.

"जयराम, हे दोन भाजायचे नव्हते! आता मी कशाची कशाशी तुलना करू? काळ्याची काळ्याशी?" तिचा आवाज बारीक होत गेला. "उद्या-परवा पेरण्या होतील. माझं वर्ष गेलं..."

जयरामचे हात उगाचच कंबरेवर गेले, तिथून डोक्यावर गेले, आणि कुठंच बरे दिसेनात म्हणून त्यानं ते मागे बांधले. तेवढ्यात त्याची आई, बाईजा, पदर खोचून बांध उतरली.

"जयरामा, अंगनातले भारे कुठं गेले रं? आपला खालचा तुकडा भाजायचाय ना?"

जयरामनं पायाच्या बोटानं राख उकरली.

बाईजानं लेकाकडं पाहिलं, काळ्या चौकोनांकडं पाहिलं, नाक पुसणाऱ्या मुलीकडं पाहिलं.

"असं होय," ती म्हणाली. "पलीकडं नवशाचा बी राब राहिलाय. त्याला नाय उचलून दिलेस कधी भारे."

समीक्षानं मान वर केली. "मावशी, तुमचा तुकडा भाजलाच नाही?"

"कशानं भाजू? माज्या केसांनी?"

तो तुकडा बांधाला लागूनच होता. माती तीच, उतार तोच. समीक्षा उठली, डोळे पुसले.

"नका भाजू," ती म्हणाली. "हात जोडते. मला तोच पाहिजे."

मग महिनाभर जयरामनं आपल्याच शेताची राखण केली. एका पहाटे शेजारचा नवशा आपणहून काडेपेटी घेऊन आला, त्याला परत पाठवला. पेरणी झाली. राघोकाकाचं रोप हिरवंगार, जयरामचं पिवळं, वीतभर, आणि त्यात तण ही गर्दी. आणि ते तण उपटायचीही सोय नाही, कारण समीक्षा यायची आणि एकेक काडी मोजायची. येणारेजाणारे थांबून बघायचे.

"काय रे जयराम, गवत पेरलंस?"

"शिक्षनाचं हाय," जयराम म्हणायचा.

लावणीला रोप कमी पडलं ते राघोकाकानं दिलं. बाईजा मात्र रोज तोंड सोडायची आणि रोज मुलीला नाचणीची भाकरी वाढायची.

ऑक्टोबरात भात पिवळं पडत असताना समीक्षा आली, हातात काळ्या पुठ्ठ्याचा बांधलेला प्रबंध. पास झाली होती. भिवंडीकडच्या रंगाच्या कारखान्यात सांडपाणी तपासायची नोकरीही लागली होती.

"घान पानी बघायचं, त्याला पगार?" बाईजा चुलीपाशी पुटपुटली. "आमी फुकट बघतो."

जयरामनं प्रबंध चाळला. इंग्रजी होतं, तो बोट ठेवून वाचत होता. एका पानावर बोट थांबलं. जागा का बदलली त्याचं कारण लिहिलं होतं: शेजारच्या शेतकऱ्यानं मदत म्हणून चौकोन भाजले.

"हे चुकलंय," तो म्हणाला.

"काय?"

"मदत म्हनून नाय भाजले."

"मग?"

त्यानं अंगणाकडे तोंड फिरवलं. कान तांबडे झाले होते.

"तू दहा दिवस आली नव्हतीस... मला काय सुचत नव्हतं. आल्यावर तू हसशील, म्हनून भाजले."

समीक्षानं प्रबंध त्याच्या हातून घेतला. तेच पान पुन्हा वाचलं.

"सात प्रती छापल्यात मी," ती हळूच म्हणाली. "आता सांगतोस?"

"आदी इचारलं कुनी?"

चुलीवरचं काहीतरी उतू गेलं, तरी बाईजा हलली नाही.

जयरामनं घसा साफ केला. "भिवंडी... मुरबाडहून किती टाइम लागतो?"

"दीड तास."

"आनि इकडून?"

"शहापूरला गाडी बदलून अडीच."

"तास जास्त," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला.

"हो, तास जास्त," समीक्षा म्हणाली. "इथून सकाळची पहिली गाडी सहाला आहे. मी येताना स्टँडवर विचारून आलेय."